बंगला बंद नव्हता, आम्ही होतो : महाबळेश्वरच्या एका जुन्या बंगल्याचा इतिहास

वेण्णाकाठ

मागच्या महिन्यात आईला घेऊन महाबळेश्वरला दोन रात्री राहून आले. साताऱ्याहून मेढा, केळघर करत गेलं तर दीड-दोन तासांचा रस्ता. तरी आई त्या फाटकातून पंचेचाळीसएक वर्षांनी आत गेली. पूर्वीचा बंगला, आताचं हॉटेल. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणाची तक्रार करायची नाही. मला एक इतिहास लिहायचाय आणि त्यात तुमची मदत हवी आहे.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, तिथं माळी होते. महाबळेश्वरात बंगल्याचा माळी फक्त बाग बघत नाही. किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला, तो माळी. शेठ मुंबईला आणि बंगला ह्याच्या भरवशावर. मागच्या अंगाला नोकरांच्या खोल्या होत्या, त्यांना सगळे ‘आउटहाउस’ म्हणायचे. तिथं आई आणि तिची तीन भावंडं वाढली.

हॉटेलच्या स्वागतकक्षात सोनेरी चौकटीत बंगल्याचा इतिहास लावलाय. एका इंग्रज अधिकाऱ्यानं बांधला, मग मुंबईच्या व्यापारी घराण्यानं घेतला, आणि पुढं एक वाक्य : ‘त्यानंतर अनेक वर्षे बंगला बंद होता.’ मग थेट आजचे मालक, नूतनीकरण, पाहुण्यांचं स्वागत.

आई चष्मा लावून सावकाश वाचत होती. त्या वाक्यावर तिचं बोट थांबलं. म्हणाली, “बंद कुठं होता? आम्ही होतो की.”

रात्री मला झोप आली नाही. तीही जागीच होती. मग ती बोलत गेली आणि मी मोबाइलवर टिपत गेले. तेच इथं मांडते.

आजोबांचं मूळ गाव कोयना खोऱ्यातलं. धरण झालं आणि गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेलं. भावांना सोलापूरकडं जमीन मिळाली, ते तिकडं गेले. आजोबा आधीपासून बंगल्यावर नोकरीला होते, ते राहिले. म्हणजे हॉटेलच्या भाषेत जी ‘अनेक वर्षे बंद’ होती, त्या वर्षांत ह्या माणसाला जगात दुसरं घर नव्हतं.

महाबळेश्वरचे बंगले कशासाठी बांधले हे लक्षात घेतलं तर पुढचं नीट कळेल. इंग्रजी अमदानीत मुंबईचं सरकार उन्हाळ्यात वर यायचं. गव्हर्नर, त्याचे सेक्रेटरी, कारकून, कागदपत्रांच्या पेट्या, सगळं. पावसाची चाहूल लागली की सगळे खाली, पुण्याला. म्हणजे ही घरं उन्हाळ्याची आणि थंडीची. पाऊस मात्र वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. बांधणाऱ्या साहेबानं त्या घरात एकही पावसाळा काढला नसणार. जो काढायचा तो माळी.

आई सांगत होती, मेच्या मध्यावर शेठची मंडळी खाली उतरली की बंगल्याचं खरं काम सुरू व्हायचं. आधी शाकारणी. वर चढून एकेक कौल बघायचं, फुटकं काढायचं, माकडांनी सरकवलेलं बसवायचं. मग झडी. खालच्या गावांतून गवताचे भारे यायचे, कारवीच्या काठ्या यायच्या. काठ्यांची चौकट करून त्यावर गवत दाट बांधायचं आणि असा एकेक झाप व्हरांड्याच्या बाहेरून उभा करायचा. कोकणाकडच्या बाजूला दुहेरी. बायकापोरं सगळी झडी बांधायला. आईच्या तळहातावर सुंभानं कापल्याची एक खूण अजून आहे. झडी लागल्या की व्हरांडा अंधारून जायचा आणि चार महिने दिवसासुद्धा कंदील.

आत हॉलच्या मधोमध सगळं सामान गोळा करायचं, भिंतीला काही टेकू द्यायचं नाही. गाद्या पत्र्याच्या ट्रंकांत, मध्ये कडुनिंबाचा पाला. गालिचे गुंडाळून आढ्याच्या खाली टांगायचे. आणि एक दिवसाआड प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी. हे काम आईकडं होतं. ती दहा वर्षांची असल्यापासून. शेगडी पेटवायची आउटहाउसच्या पडवीत, धूर गेला की इरलं डोक्यावर घेऊन अंगण ओलांडायचं, मागच्या दारानं आत, एका खोलीत तासभर, मग पुढची. बाहेर आठ-आठ दिवस उघडीप नाही, आणि ही पोर त्या मोठ्या, काळोख्या घरात एकटी शेगडीजवळ बसून पाढे म्हणायची. म्हणजे भीती वाटत नाही.

मी विचारलं, “शेगडी लावली नाही तर काय झालं असतं?” ती म्हणाली, “पियानो गेला असता. शेठनी विचारलं असतं.” पियानो कुणी वाजवत नव्हतं. पण आजोबांनी तो राखला, शेवटपर्यंत.

कोयनेचा भूकंप झाला तेव्हाची, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट तिला स्वच्छ आठवते. सगळे बाहेर धावले. आजोबा मात्र पहिल्यांदा बंगल्याकडं गेले, कंदील घेऊन. धुराड्याला वरून खाली चीर गेली होती. पत्र लिहून शेठना कळवलं, उत्तर यायला पंधरा दिवस. तोवर आजोबांनी स्वतः चुना मळून ती बुजवली. ते धुराडं अजून आहे. हॉटेलवाल्यांनी त्याला छान रंग दिलाय. जवळून पाहिलं तर बुजवलेली रेघ हाताला लागते. आईनं हात फिरवला, मी फोटो काढला.

पुढं शेठ वारले, मुलांमध्ये वाटण्या, येणं-जाणं थांबलं. पगार कधी यायचा, कधी नाही. त्या काळाला पाटीवर ‘बंद’ म्हटलंय. आजोबा १९८० च्या सुमाराला गेले. आईचं लग्न त्याआधीच झालं होतं. मामा अजून काही वर्षं राहिला, मग बंगला विकला गेला आणि त्यालाही उठावं लागलं. आउटहाउसच्या जागी आता गाड्या लावतात.

मला हे लिहून काढायचंय, नीट, पुराव्यासह. ज्यांच्या घरातलं कुणी अशा बंगल्यांवर माळी, खानसामा, भिस्ती, हमाल म्हणून होतं, त्यांनी लिहा. आणि जुन्या घरांबद्दल ज्यांना कळतं त्यांनी, अशा ‘बंद’ वर्षांचा माग कसा काढायचा तेही सांगा.

---

वाठार_स्टेशन

वेण्णाकाठताई, फार आतून लिहिलंय. पाढ्यांची ओळ वाचून थांबलो.

माझ्या पणजोबांचे टांगे होते. वाठार स्टेशन हे तेव्हा महाबळेश्वरचं दार. पुण्याहून मीटरगेजनं वाठारला उतरायचं आणि तिथून टांगा. वाठार ते वाई, वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, मग महाबळेश्वर. साठेक किलोमीटर. वाटेत ठरलेल्या टप्प्यांवर घोडी बदलायची. आमच्या घरातली आठवण अशी, की घाटाची घोडी वेगळी आणि सपाटीची वेगळी. घाटाचं जनावर खाली लावलं की बिघडतं, असं पणजोबा म्हणायचे.

पण माणसं टांग्यानं, सामान बैलगाडीनं. साहेब यायच्या आठ दिवस आधी गाड्या निघायच्या. तुमच्या आजोबांचा तो पियानो असाच, कुणाच्या तरी बैलांनी पसरणीचा घाट चढून वर नेला असणार. नाहीतर त्याहून जुना असेल तर कोकणातून. रेल्वेच्या आधी मुंबईची मंडळी बोटीनं सावित्रीच्या खाडीत दासगावला उतरायची आणि महाडवरून आंबेनळीनं वर. तो घाटरस्ता १८७० च्या दशकात झाला, त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्डचं नाव दिलं होतं.

पणजोबांबद्दल कुठं एक ओळ छापलेली नाही. म्हणून म्हणतो, लिहाच.

---

अनवाणी

आई ग्रेट आहेत तुमच्या. त्यांना नमस्कार सांगा. पुढचा भाग टाका.

---

जांभा_चिरा

मी सांगलीत घरं बांधतो, जुन्या घरांची दुरुस्ती हा आवडीचा भाग. तुमच्या आईनी जे सांगितलंय त्यातला शब्दन् शब्द बांधकामाच्या दृष्टीनं बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाबळेश्वरचे जुने बंगले बहुतेक जांभ्याचे. तो तिथं पायाखालीच मिळतो. खाणीतून काढताना नरम, कुऱ्हाडीनं, छिन्नीनं चिरा पाडता येतो आणि उघड्यावर राहिला की कडक होतो. पण तो भरपूर छिद्रांचा. पाणी पितो. म्हणजे पावसाळाभर भिंत पाणी पिणार आणि पुढचे आठ महिने ते सोडणार. चुन्याचा गिलावा तिला ते सोडू देतो. चुना मळताना आपल्याकडं गूळ, बेलफळ, हिरडा घालायची रीत होती, आणि हिरडा तर तिथल्या जंगलात चिकार.

आता झडी का? कारण भिंतीनं पाणी प्यायचंच नाही तर सोडायचा प्रश्न कमी. व्हरांड्याच्या बाहेर गवताची दुसरी भिंत उभी केली की वाऱ्याबरोबर येणारा आडवा पाऊस तिथंच अडतो, गवतावरून खाली निथळतो, आणि हवा मात्र गवतातून खेळत राहते. प्लॅस्टिकचा कागद लावला तर पाऊस अडेल, पण आतली दमट हवा आतच कुजेल. आणि शेगडी कशाला? खोली बाहेरच्यापेक्षा थोडी जरी उबदार राहिली तरी भिंतीवर, लाकडावर दव धरत नाही. गरम हवा वर जाऊन तक्तपोशीच्या, म्हणजे छताखालच्या फळ्यांच्या, फटींतून, कौलांतून बाहेर पडते आणि ओल घेऊन जाते. दहा वर्षांची मुलगी एकेका खोलीत तासभर बसत होती ती त्या घराचा श्वास चालू ठेवत होती, असं मी म्हणेन.

कौलांबद्दल. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासल मिशन ह्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं १८६५ साली मंगळूरला काढला. त्याआधीचा बंगला असेल तर मूळ छप्पर गवती असण्याची शक्यता मोठी. वासे आणि रीपा बघा. गवती छपराचा उतार जास्त उभा लागतो. पुढं कौलं घालताना काही ठिकाणी जुना उतार तसाच ठेवतात. त्यावरून वय ताडता येतं.

आणि एक नक्की बघा. झडी दरवर्षी लागायच्या म्हणजे त्यांना आधार हवा. वळचणीखाली, तुळईला, ठरावीक अंतरावर लोखंडी कड्या किंवा आकडे असतील. रंगाखाली दबलेले असतील, पण बोटाला लागतील. पाटीवर नसलेला इतिहास तिथं सापडेल.

मला काळजी आहे ती नव्या गिलाव्याची. हॉटेल करताना बऱ्याचदा बाहेरून सिमेंट मारतात. ते पाणी आत जाऊ देत नाही असं वाटतं, पण केसासारखी चीर पडली की आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे येतात आणि मागचा जांभा मऊ पडतो.

---

टेबललँड

मी पाचगणीत छोटं लॉज चालवतो, तेही जुन्या घरातच. धागा आवडला, तरी दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये.

तुमच्या आजोबांचा पगार थांबला तेव्हाच त्या बंगल्याचं मरण ठरलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत असे बंगले बसलेत. एका पावसाळ्यात कौलं सरकली, दुसऱ्यात आढं कुजलं, तिसऱ्यात छप्पर आत. वारसदार दहा, सही करायला एक तयार नाही. हॉटेल झालं म्हणून तुमच्या आईला हात फिरवायला ते धुराडं राहिलं. दर वर्षी छपरावर, लाकडावर, वाळवीवर जो खर्च होतो तो कुणा एका कुटुंबाच्या खिशातून निघत नाही. तो खोल्यांच्या भाड्यातूनच निघतो.

दुसरं, २००१ साली केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केला. नव्या बांधकामावर बंधनं आली. त्यामुळे जुनी उभी असलेली घरं सांभाळण्याला किंमत आली, हे मान्य करायला हवं. गिऱ्हाइकाला मात्र खोलीला जोडून बाथरूम लागतं, चोवीस तास गरम पाणी लागतं. जुन्या घरात ते बसवायचं तर कुठंतरी भिंत फुटतेच.

पाटीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. माझ्या लॉजमध्येही अशीच पाटी आहे. ती मी ज्यांच्याकडून घर घेतलं त्यांच्या सांगण्यावरून लिहिली. माळ्याला विचारावं हे मला सुचलं नाही. माळी अजून आहे, सत्तरीचा. उद्या सकाळी त्याच्याकडं जातो.

---

वेण्णाकाठ

टेबललँड दादा, राग कसला. तुम्ही उद्या माळीबाबांकडं जाणार हे वाचून आईला फार बरं वाटलं. जाताना वही न्या. जुनी माणसं एकदम सांगत नाहीत, कामाचं विचारलं तर सांगतात. ‘झडी कुठल्या गवताच्या?’ असं विचारून सुरू करा.

हॉटेल झालं म्हणून बंगला वाचला, हे मलाही कळतं. तिथला व्यवस्थापक तरुण मुलगा, आईशी फार आदरानं वागला. माझं म्हणणं त्या एका शब्दापुरतं आहे. ‘बंद’ हा शब्द ज्यानं लिहिला त्याला घरात कोण होतं हे माहीत नव्हतं, आणि आउटहाउस पाडलं तेव्हा सांगणारं कुणी उरलं नाही.

जांभा_चिरा, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ‘दव धरत नाही’ इथं ती म्हणाली, “आबा असंच म्हणायचे, भिंतीला घाम येऊ द्यायचा नाही.” कड्यांचं विचारलं तर लगेच म्हणाली, “पश्चिमेच्या व्हरांड्याला अकरा.” मी चकित झाले. ती म्हणाली, झापाला झाप बांधताना मोजायचंच असतं.

---

दप्तरखाना

मागोवा कसा घ्यायचा असं विचारलंत, म्हणून थोडं. मी साताऱ्यात जुनी कागदपत्रं वाचण्याचं काम करतो.

आधी जमिनीची गोष्ट, कारण तिच्यावाचून कुठल्याच बंगल्याचा इतिहास पुरा होत नाही. ही जागा सातारच्या छत्रपतींची. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी हे पठार चढून आला, मुंबईच्या गोऱ्या मंडळींत ह्या हवेची कीर्ती झाली. सर जॉन माल्कम १८२७ मध्ये गव्हर्नर झाले आणि त्यांनी इथं वस्ती वसवायचं मनावर घेतलं. साताऱ्याहून रस्ता केला तो छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी. १८२९ साली महाराजांनी ही जागा इंग्रजांना दिली आणि बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव घेतलं. वस्तीचं नाव पडलं माल्कमपेठ. क्षेत्र महाबळेश्वर, जिथं कृष्णा उगम पावते ते जुनं देवस्थान, त्याहून वेगळं.

ह्याच प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं, आणि ते तिथंच १८४७ साली वारले. वेण्णा तलाव त्यांच्यामागून गादीवर आलेल्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधवला. आज तिथं बोटीत बसणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे, मला दर वेळी तिथं गेलं की हे आठवतं.

तर जमीन सरकारची झाली, आणि बंगलेवाल्यांना ती भाडेपट्ट्यानं मिळाली. म्हणून कित्येक ठिकाणी बंगला एकाचा आणि खालची जमीन शासनाची, असं आहे. ह्याचा फायदा तुम्हाला असा, की भाडेपट्टा म्हटलं की कागद आला. नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, त्यावरचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागं मागं वाचत जा. मालकांची साखळी मिळेल.

पण तुम्हाला मालक नकोत, माळी हवाय. त्यासाठी तीन ठिकाणं सांगतो. एक, नगरपरिषदेतली जन्मनोंद. तुमच्या आईंचा किंवा मामांचा जन्म तिथं झाला असेल तर पत्त्याच्या रकान्यात बंगल्याचं नाव असू शकतं. दोन, मराठी शाळेचं जनरल रजिस्टर. मुलाचं नाव घालताना राहण्याचं ठिकाण आणि पालकाचा धंदा विचारून लिहीत असत. शाळा जपूनही ठेवतात, कारण दाखल्यांसाठी लागतं. तीन, मतदार याद्या. घर क्रमांकासह त्या बंगल्यात नोंदलेले सज्ञान लोक कोण, हे तिथं दिसतं. एका वर्षी बंगल्याच्या पत्त्यावर मतदार असतील तर तो बंगला त्या वर्षी बंद नव्हता. ह्याहून सरळ पुरावा कोणता?

१८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअरही वाचा. महाबळेश्वरवर त्यात बरंच आहे. वर राहणारे कोळी, कुणबी, धनगर, धावड ह्यांच्याबद्दलही.

---

बामणोलीचा

धावडांचं नाव आलं म्हणून लिहितो. जांभ्यातलं लोखंड काढणारे हे लोक. दगड भाजायचा, भट्टी लावायची, त्याला लागायचा लाकडाचा कोळसा. जंगल राखीव झालं आणि कोळसा मिळेना, भट्ट्या विझल्या. मग ज्याला जे मिळालं ते काम. बंगल्यांवरची मजुरी, गवताचे भारे, लाकडाच्या मोळ्या. म्हणजे बंगल्यांनी आमच्या खोऱ्याला काम दिलं हे खरं, पण आधीचं काम त्याच साहेबाच्या कायद्यानं गेलं होतं, हेही त्याच गोष्टीत यायला हवं.

आणि ताई, तुमच्या आजोबांचं गाव पाण्याखाली गेलं म्हणालात. आमच्याही घरातली निम्मी माणसं तशीच पांगली. उन्हाळ्यात शिवसागराचं पाणी उतरलं की जोती उघडी पडतात. माझे वडील लाँचमधून बोट दाखवून सांगायचे, हे अमक्याचं, ते तमक्याचं. पाण्यात गेलेल्या घरालासुद्धा आम्ही ‘बंद’ म्हटलं नाही कधी.

---

पाचवड_फाटा

भर घालतो. पाचगणी वसली तीसुद्धा ह्याच पावसामुळं. महाबळेश्वरला पावसाळ्यात राहता येत नाही म्हणून जॉन चेसन ह्या इंग्रजानं वर्षभर राहता येईल अशी जागा हुडकली. दांडेघर, गोडवली, खिंगर, आंब्रळ आणि तायघाट ह्या पाच गावांच्या मधली. अंतर एकोणीसएक किलोमीटर, पण पाऊस साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका. म्हणून तिकडच्या घरांच्या शाळा झाल्या, आरोग्यधामं झाली, वर्षभर वापरात राहिली. महाबळेश्वरची घरं मोसमी, म्हणून त्यांची हॉटेलं झाली, असं माझं मत. गांधीजी १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर पाचगणीला विश्रांतीला आले आणि १९४५ च्या उन्हाळ्यात महाबळेश्वरला मोरारजी कॅसलमध्ये राहिले, तेही उन्हाळ्याच्याच दिवसांत.

भाजीची पण एक गोष्ट. महाबळेश्वरात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, १८६४ पर्यंत. बंगल्यांना लागणारी बटाट्यासारखी भाजी त्या कैद्यांनी पिकवली. त्यांच्यापैकी कुणाचं नाव कुठल्या पाटीवर आहे?

---

टेबललँड

गेलो होतो. माळीबाबांशी दोन तास बसलो. झडींचं विचारल्यावर उठूनच उभे राहिले आणि हातानं गाठ कशी मारायची ते दाखवलं. ते वयाच्या पंधराव्या वर्षी ह्या घरात आले. म्हणजे माझ्या आधीचे तिन्ही मालक त्यांनी पाहिलेत, आणि मी पाटीवर एकाचंच नाव लिहिलंय. पाटी उतरवली आहे. नवी लिहिली की इथं मजकूर टाकतो, चुका सांगा.

---

वेण्णाकाठ

उशीर झाला लिहायला, क्षमस्व. दप्तरखाना काकांनी सांगितल्याप्रमाणे शाळेत गेले. मुख्याध्यापकबाईंनी जुनं रजिस्टर काढून दिलं. पानं तपकिरी झालीत पण अक्षर सुरेख, बोरूचं असावं. आईचं नाव, जन्मतारीख. राहण्याचं ठिकाण ह्या रकान्यात बंगल्याचं नाव, आणि धंद्याच्या रकान्यात ‘माळी’. खाली दोन वर्षांनी मामा, त्याच्याखाली मावशी. बाईंनी त्या पानाचा फोटो काढू दिला.

तिथून हॉटेलवर गेले. आई ह्या वेळी आली नव्हती, गुडघे दुखतात. व्यवस्थापकाला पान दाखवलं. त्यानं ते नीट वाचलं आणि म्हणाला, ‘बंद होता’ हे वाक्य काढायला मालकांना विचारतो, त्या जागी काय लिहायचं ते तुमच्या आईंकडून घेऊन द्या. मग त्यालाच म्हटलं, एक शिडी मिळेल का. जांभा_चिरांनी सांगितलेल्या जागी, पश्चिमेच्या व्हरांड्यात, वळचणीखालच्या तुळईवर मी हात फिरवत गेले. पांढऱ्या रंगाचे थरावर थर होते. पहिली कडी लागली तेव्हा त्या मुलाला वर बोलावून दाखवली. तो दुसऱ्या टोकानं मोजत आला.

नऊ कड्या मिळाल्या. शिडीवरूनच आईला फोन लावून सांगितलं. ती म्हणाली, “दक्षिणेच्या कोपऱ्यात बघ, तिथं दोन जवळ जवळ आहेत, वारा तिकडून घुसायचा.”

त्या कोपऱ्यात आता व्हरांडा बंद करून बाथरूम काढलंय. तुळई त्याच्या भिंतीत शिरते.